यंत्राच्या प्रश्नाला उत्तर कोणी द्यायचं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग. वक्ते मुंबईतील एका कार्यालयातून संगणक ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले असून आता आर्वी येथे राहतात.)

आर्वीत माझ्या घरी, माजघरातल्या टेबलावर एक मेनफ्रेम संगणक आहे. ज्यांनी मेनफ्रेम पाहिला आहे त्यांना हे ऐकून हसू येईल. ते यंत्र एका खोलीत मावत नसे. जमिनीखालून केबल जाव्यात म्हणून खोलीत उंचावलेली खोटी फरशी घालावी लागे, बारा महिने थंड हवा सोडावी लागे आणि दारावर पहारेकरी असे. माझ्या माजघरात यांतलं काही नाही. आहे तो नातवाने टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर आणि त्याच्यावर चालणारा एक प्रोग्रॅम. या प्रोग्रॅमचं नाव ‘हर्क्युलिस’.

अशा प्रोग्रॅमला इम्युलेटर म्हणतात. मी शेजाऱ्यांना सांगताना त्याला बहुरूपी म्हणतो. आपल्याकडे बहुरूपी यायचे तुम्हाला आठवत असेल. खाकी कपडे, हातात दंडुका, ‘चला चौकीवर’ म्हणून असा दम द्यायचे की नवखा माणूस खरंच घाबरायचा. हर्क्युलिसही तसाच. तो घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर बसून आयबीएमच्या मेनफ्रेमचं सोंग घेतो, आणि ते इतकं बेमालूम वठवतो की खऱ्या मेनफ्रेमसाठी लिहिलेल्या सगळ्या प्रणालीला आपण सोंगाड्याच्या अंगावर चालतो आहोत याचा पत्ताही लागत नाही. ती जशी माझ्या नोकरीच्या काळात चालायची, तशीच चालते. तेच प्रश्न विचारते. आणि चुकीचं उत्तर दिलं तर तेच नुकसानही करते. आज मला या प्रश्नांविषयी आणि उत्तरांविषयीच बोलायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्याच वर्षी, ७ एप्रिलला, आयबीएम कंपनीने सिस्टिम ३६० या यंत्रांची घोषणा केली. या घराण्याचं वैशिष्ट्य असं की लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावर चालावा आणि आजचा प्रोग्रॅम उद्याच्या यंत्रावरही चालावा, हा विचार त्यात पहिल्यापासून होता. म्हणून ते घराणं टिकलं. आजही जगातल्या मोठमोठ्या बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार त्याच्या वंशजांवर चालतात. आपल्या देशातून आयबीएम १९७८ साली निघून गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली आणि ती यंत्रं पुढेही चालत राहिली.

मी या धंद्यात १९८३ साली शिरलो. आर्वीहून पुलगावपर्यंत तेव्हा लहान रुळांची गाडी होती. ती लाइन बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गाडीने पुलगाव, तिथून मोठ्या गाडीने मुंबई. एका मोठ्या कार्यालयाच्या संगणक विभागात ऑपरेटर म्हणून लागलो. ऑपरेटर आणि प्रोग्रॅमर यांत लोक गल्लत करतात. प्रोग्रॅमर दिवसा यायचा, प्रोग्रॅम लिहायचा आणि निघून जायचा. त्याने लिहिलेलं रात्री चालवायचं काम आमचं. टेप चढवायची, उतरवायची, प्रिंटरला कागद लावायचा आणि मुख्य म्हणजे कन्सोलवर बसायचं.

कन्सोल म्हणजे यंत्राशी बोलायची जागा. यंत्र तिथे ओळीमागून ओळ लिहीत असे आणि आम्ही तिथेच आज्ञा टाइप करत असू. सोबत एक कागदाचं भेंडोळं असे. यंत्र काय बोललं आणि आम्ही काय उत्तर दिलं, हे सगळं त्याच्यावर वेळेसकट छापलं जाई. हे भेंडोळं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

नव्या ऑपरेटरला त्या ओळी पाहून घेरी येते. पण त्यांत एक शिस्त असते. प्रत्येक निरोपाला एक खूण असते आणि बहुतेक खुणांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. शेवटी ‘आय’ असेल तर ती नुसती माहिती. काम सुरू झालं, काम संपलं. ‘ए’ असेल तर ऑपरेटरने काहीतरी करायचं आहे. आणि ‘डी’ असेल तर निर्णय घ्यायचा आहे. समजा एखाद्या कामाला टेप चढवायचं यंत्र हवं आहे आणि एकही मोकळं नाही. तर प्रणाली विचारते, ‘दुसऱ्या यंत्राचं नाव द्या, थांबा म्हणा, नाहीतर काम रद्द करा.’ इथे तिघांतलं एक निवडावं लागतं. कोणाचं काम घाईचं आहे, कोणाचं सकाळी झालं तरी चालेल, हे यंत्राला माहीत नसतं. ते ऑपरेटरला माहीत असतं. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांनी ही प्रणाली घडवली त्यांनी नुसती माहिती, करायचं काम आणि घ्यायचा निर्णय या तीन गोष्टी अक्षरांनीच वेगळ्या करून ठेवल्या होत्या. मला याचं आजही कौतुक वाटतं.

निवृत्तीनंतर आर्वीला आलो तेव्हा वाटलं, हे सगळं आता मागे पडलं. मग नातवाने एक दिवस सांगितलं, की आबाजी, तुमची मशीन आता घरी चालवता येते. हर्क्युलिस १९९९ साली रॉजर बाउलर या प्रोग्रॅमरने लिहायला घेतला, पुढे इतरांनी वाढवला आणि तो मोफत मिळतो. आयबीएमची एमव्हीएस ही प्रणाली, म्हणजे तिची १९८० च्या आसपासची जुनी आवृत्ती, तीही मोफत मिळते. फोल्कर बांडके नावाच्या गृहस्थांनी तिची बांधून तयार अशी पुडी करून ठेवली आणि नंतर इतरांनी त्यात भर घातली. एवढं मात्र सांगितलं पाहिजे की आयबीएमच्या आजच्या नव्या प्रणाली अशा फुकट वापरता येत नाहीत. त्यांना परवाना लागतो. शिकायला आणि जुन्या आठवणींना मात्र ही जुनी आवृत्ती पुरून उरते.

हर्क्युलिस बसवायचा म्हणजे एक यादी लिहायची. साधीच मजकुराची फाइल. तिच्यात सांगायचं की माझ्या मेनफ्रेमला इतकी मेमरी आहे, अमुक पत्त्यावर कार्ड वाचायचं यंत्र आहे, अमुक पत्त्यावर प्रिंटर आहे, १४८ या पत्त्यावर डिस्क आहे. यांतलं खरं काहीच नसतं. कार्ड वाचणारं यंत्र म्हणजे एक फाइल, प्रिंटर म्हणजे दुसरी फाइल. मी ती यादी लिहिली तेव्हा मला हसू आलं. ज्या प्रिंटरच्या खडखडाटाने आमचे कान बसले, तो इथे एका ओळीत गप्प बसला होता.

यादी झाली की काळी खिडकी उघडते. तोच कन्सोल. आणि इथे नवख्याची पहिली गफलत होते. या एकाच खिडकीतून दोघांना आज्ञा देता येतात. एक, खुद्द हर्क्युलिसला, म्हणजे यंत्राला. दुसरी, त्या यंत्रावर बसलेल्या एमव्हीएस प्रणालीला. नुसतं ‘आयपीएल १४८’ लिहिलं तर ती यंत्राला आज्ञा: त्या पत्त्यावरच्या डिस्कवरून प्रणाली सुरू कर. पण आज्ञेच्या आधी तिरपी रेघ दिली की ती आज्ञा आतल्या प्रणालीकडे जाते. वाड्याच्या दारावर हाक मारणं आणि आतल्या कारभाऱ्याला हाक मारणं, एवढा हा फरक.

आता पाहा, हर्क्युलिसला ‘क्विट’ म्हटलं की तो तत्काळ बंद होतो. आतली प्रणाली काय करत होती याची तो चौकशी करत नाही. चालू यंत्राचा प्लग उपसल्यासारखंच ते. रीतसर बंद करायचं तर आधी कारभाऱ्याला सांगावं लागतं. काम करणाऱ्यांना बाहेर काढ, कामांची रांग सांभाळणारा जो जेस-टू नावाचा भाग आहे त्याला थांबव, दिवस संपल्याची नोंद कर, मग स्वस्थ हो. त्यानंतरच वाड्याचं दार लावायचं.

आमच्याकडे मे महिन्यात वावटळ सुटली की लाइन जाते. कॉम्प्युटरला बॅटरी आहे, पण ती पंधरा-वीस मिनिटांची. तेवढ्या वेळात मी चष्मा शोधायचा, एकेक आज्ञा टाइप करायची, उत्तराची वाट पाहायची. दोनदा अर्ध्यातच अंधार झाला. तेव्हा नातू म्हणाला, “आबाजी, तुम्ही दरवेळी तेच ते टाइप करून रायले. मी आपोआप करून देतो.”

हर्क्युलिसमध्ये त्याची सोय आहे, आणि ती दोन तऱ्हांची आहे. पहिली अशी की आज्ञांची यादी एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. हर्क्युलिस सुरू होताना ती आपोआप वाचतो आणि एकेक आज्ञा देत जातो. मध्ये इतके सेकंद थांब, असंही सांगता येतं. दुसरी तऱ्हा अधिक हुशार आहे. तिला ते स्वयंचलित ऑपरेटर म्हणतात. त्याला सांगायचं, कन्सोलवर अमुक निरोप दिसला की तमुक आज्ञा दे. पहिला घड्याळ पाहून बोलतो, दुसरा निरोप वाचून बोलतो. बंद करण्याच्या कामात हा फरक मोठा आहे. जेस-टूला थांबायला कधी पाच सेकंद लागतात, कधी दोन मिनिटं. घड्याळवाला दहा सेकंद मोजून पुढची आज्ञा देऊन मोकळा होतो. निरोप वाचणारा मात्र ‘सगळी कामं संपली’ हा जेस-टूचा निरोप येईपर्यंत थांबतो आणि मगच त्याला बंद करतो. म्हणून ज्यांना हे करायचं असेल त्यांना माझा सल्ला, सेकंदांवर भरवसा ठेवू नका. निरोपावर ठेवा.

नातवाने दोन संध्याकाळी बसून सगळं जुळवलं. सुरू होताना प्रणाली पहिला प्रश्न विचारते, कोणत्या पद्धतीने सुरू होऊ? त्याचं उत्तर आपोआप. पुढे नोंदवहीबद्दल विचारते. त्याचंही उत्तर आपोआप. मग जेस-टू उठतो आणि विचारतो, पर्याय सांगा. त्याचंही उत्तर आपोआप. मी खुर्चीत नुसता बसून होतो आणि ओळी पळत होत्या. मला गंमत वाटली आणि थोडं रिकामंही वाटलं. ज्या कामाचा पगार घेऊन मी मुंबईत संसार केला, ते काम समोर आपोआप होत होतं.

आठ दिवसांनी पोरगा तोंड उतरवून आला. तो कोबोल भाषा शिकत होता. आठवडाभरात त्याने जे प्रोग्रॅम चालवले त्यांचे निकाल छापण्यासाठी रांगेत ठेवले होते. रांग रिकामी होती. डिस्कवरचे प्रोग्रॅम शाबूत, पण रांगेतलं सगळं गेलेलं. मी त्याची फाइल उघडली आणि जेस-टूच्या प्रश्नाचं उत्तर वाचलं. तिथे लिहिलं होतं, ‘फॉरमॅट’.

यात पोराची फारशी चूक नव्हती. नवी प्रणाली पहिल्यांदा बसवताना हेच उत्तर द्यायचं असतं. रांगेची जागा कोरी असते, ती आखून घ्यावी लागते. त्याने बसवतानाचं टिपण समोर ठेवून ते उत्तर आपोआपच्या यादीत लिहिलं. पहिल्या दिवशी ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून दर सुरुवातीला ते रांग पुसत होतं. तो रोज मशीन बंद करत नव्हता म्हणून आठ दिवस कळलं नाही.

ते उत्तर वाचून मी मात्र गार पडलो. कारण तोच शब्द, त्याच प्रश्नाला, मी स्वतः एकदा दिला होता. ते कोणाला सांगितलं नव्हतं. एका माणसाला सांगितलं, तेही फार उशिरा. आज तुम्हाला सांगतो.

१९८९ साल. महिनाअखेरची रात्रपाळी होती. संध्याकाळपासून पगाराची कामं चालू होती. हजारो पगारपत्रकं तयार होऊन छापायच्या रांगेत बसली होती, आणि त्यांच्यामागे दुसऱ्या विभागांची कामं. मध्यरात्रीनंतर इमारतीचा वीजपुरवठा गेला. तो परत आला तेव्हा साडेतीन वाजले होते. माझ्याबरोबरचा ऑपरेटर थंड हवेचं यंत्र सुरू करायला खाली गेला होता. कन्सोलवर मी एकटा. प्रणाली सुरू केली. एकेक प्रश्न येत गेला, मी सवयीने उत्तरं देत गेलो. त्याच आठवड्यात आमच्याकडे नवी डिस्क बसवली होती आणि तिच्या चाचणीत आम्ही दोन-तीन वेळा जेस-टूला ‘फॉरमॅट’ हे उत्तर दिलं होतं. बोटांना ते बसलं होतं. प्रश्न आला आणि बोटांनी ते लिहिलं. एंटर दाबल्यावर क्षणभराने डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर रांग पुसली जायला लागली होती.

मघाशी मी म्हणालो की बहुतेक निरोपांच्या शेवटी अक्षर असतं. जेस-टूच्या या प्रश्नाला ते नसतं. ‘डॉलर हॅस्प ४२६, पर्याय सांगा’ एवढंच. सगळ्या रात्रीतला सगळ्यात मोठा निर्णय, आणि त्याच्यावर ‘डी’ची खूण नाही. पण ही सबब झाली. मला तो प्रश्न पाठ होता.

खरी चूक त्यानंतर झाली. नोंदवहीत मी लिहिलं, ‘वीज गेल्यामुळे रांगेतील कामे नष्ट झाली.’ सगळी कामं पुन्हा चालवावी लागली. पगारपत्रकं दोन दिवस उशिरा निघाली. कामांचं वेळापत्रक आखणारे एक गृहस्थ आमच्या विभागात होते. पगाराची कामं शेवटच्या रात्रीपर्यंत का ठेवली, म्हणून त्यांना लेखी जाब विचारला गेला. मी समोरच्या टेबलावर होतो. मी बोललो नाही. नोकरीला सहा वर्षं झाली होती, घरी लहान मूल होतं, पुढच्या वर्षी बढती होती. कारणं पुष्कळ असतात, श्रोतेहो.

ते निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “मला त्याच दिवशी सकाळी कळलं होतं. कन्सोलचं भेंडोळं मी वाचलं होतं. त्यावर वेळ होती, प्रश्न होता आणि तुमचं उत्तर होतं.” मग त्यांनी आत चहा सांगितला. मी विचारलं, “तुम्ही साहेबांना दाखवलं का नाही?” त्यावर ते काही बोलले नाहीत. साखर किती, एवढं विचारलं.

त्या प्रसंगानंतर आमच्या विभागात एक पद्धत पडली होती. कोणाच्या सूचनेवरून, ते मला त्या भेटीनंतर समजलं. कन्सोलशेजारी एक पुठ्ठा चिकटवला होता. जेस-टूच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी दुसऱ्या माणसाला बोलावणे, उत्तर मोठ्याने वाचणे आणि मग एंटर दाबणे. आम्ही नवी पोरं त्या पुठ्ठ्याची चेष्टा करायचो. मीही करायचो.

कन्सोलच्या बटणांतही अशी एक सोय होती, तिच्याकडे माझं आधी लक्ष नव्हतं. पडद्याच्या कन्सोलवर एकेका बटणाला एकेक आज्ञा नेमून देता येत असे. ती दोन प्रकारे नेमता यायची. एका प्रकारात बटण दाबलं की आज्ञा लगेच जायची. दुसऱ्या प्रकारात बटण दाबलं की आज्ञा फक्त पडद्यावर लिहिली जायची. ऑपरेटरने ती वाचायची, हवी तर बदलायची आणि एंटर दाबला तरच ती जायची. टाइप करण्याचा त्रास यंत्राने घ्यायचा आणि जबाबदारी माणसाने. हा मधला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो.

मग मी आणि नातू मिळून घरच्या मेनफ्रेमची यादी पुन्हा लिहायला बसलो. प्रत्येक प्रश्न पाटीवर मांडला आणि त्याच्यापुढे विचारलं: याचं उत्तर दरवेळी एकच असतं का? आणि उत्तर चुकलं तर परत फिरता येतं का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ते काम खुशाल आपोआप होऊ द्यावं. प्रणाली सुरू करणं त्यात आलं. रीतसर बंद करणंही आलं, कारण त्याचा क्रम कधी बदलत नाही आणि वीज गेल्यावर थरथरत्या हाताने तो करण्यापेक्षा यंत्राने केलेला बरा. पण जिथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि चुकलं तर परत फिरता येत नाही, तिथे यादीने थांबायचं. जेस-टूच्या प्रश्नापाशी आमची यादी आता थांबते.

आणखी एक बारीक गोष्ट आम्ही शिकलो. प्रणाली प्रत्येक प्रश्नाला क्रमांक देते आणि उत्तर त्या क्रमांकाला द्यायचं असतं. पोराने यादीत सगळीकडे ‘शून्य क्रमांकाला हे उत्तर’ असं लिहिलं होतं. बहुतेक वेळा प्रश्न शून्य क्रमांकाचाच असतो. पण एखादा प्रश्न आधीच अनुत्तरित पडून असेल तर नव्या प्रश्नाला पुढचा क्रमांक मिळतो, आणि आपलं उत्तर भलत्याच प्रश्नाला जाऊन चिकटतं. नवऱ्याच्या हातची माळ वऱ्हाड्याच्या गळ्यात, असला प्रकार. तेव्हा नुसतं उत्तर बरोबर असून भागत नाही. प्रश्न कोणता, हेही पाहावं लागतं.

हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांचं आहे, आपला काय संबंध, असं कोणाला वाटेल. तर मी आमच्या शिवारातली गोष्ट सांगतो. शेतीची लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला बांधावर कोण जाईल? म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. सोय मोठी आहे. विंचूकाट्याच्या रात्री वावरात जावं लागत नाही, हे मी कमी लेखत नाही. पण लाइन येताक्षणी सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर भार येऊन तो बसतो. ऑटो स्विच काढा, असं महावितरण शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतं ते यासाठीच. आणि लाइन नाही म्हणून कोणी विहिरीत उतरला असेल, पाइप खोलून बसला असेल, तर ते त्या स्विचला ठाऊक नसतं. मोटर सुरू करू का, हा प्रश्न रोज तोच दिसतो. उत्तर मात्र विहिरीत कोणी आहे का, यावर असतं.

माझ्या पुतण्याने मोटरीला ऑटो स्विच लावला आहे. काढ म्हणून मी त्याला सांगितलं नाही, कारण रात्री वावरात जाणारा तो आहे, मी नाही. एवढंच सांगितलं की विहिरीत उतरायच्या आधी स्विच बंद करायचा, फ्यूज काढून खिशात घालायचा आणि घरी एकाला सांगून जायचं. तो म्हणाला, “काका, एवढं तर आम्हाले समजते.” मी म्हणालो, “मलाही समजत होतं रे. साडेतीन वाजता समजत नाही.”

आता बँकेचे हप्ते आपोआप जातात, फोनवर दहा वेळा ‘परवानगी द्या’ असा प्रश्न येतो आणि आपण न वाचता अंगठा दाबतो. सगळ्याच प्रश्नांवर थांबत बसलो तर दिवस पुरणार नाही, हे खरं. पण वर्षातून एकदा तरी बसून यादी काढावी. कोणती उत्तरं आपण आपोआप सोडून दिली आहेत? त्यांतलं एखादं पहिल्या दिवशी बरोबर होतं आणि आज नाही, असं तर झालं नाही ना? आमच्या पोराचं ‘फॉरमॅट’ तसंच होतं.

ज्या मुलामुलींना कॉम्प्युटर शिकायचा आहे त्यांनाही सांगतो. हा बहुरूपी घरी चालवून पाहा. जुनं आहे म्हणून नाक मुरडू नका. आजच्या चकचकीत पडद्यांमागे यंत्र आणि माणूस यांच्यातलं जे बोलणं लपलेलं असतं, ते इथे उघडं दिसतं. यंत्र विचारतं, तुम्ही सांगता आणि दोन्ही ओळी एकाखाली एक राहतात.

हर्क्युलिसही ही नोंद एका फाइलमध्ये ठेवू शकतो. आम्ही ती सोय चालू केली आहे. संध्याकाळी नातू मशीन सुरू करतो. ओळी पळतात आणि जेस-टूच्या प्रश्नापाशी येऊन थांबतात. मग तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतो, “आबाजी, मशीन विचारून रायली.” मी चष्मा शोधत येतो. तो उत्तर टाइप करून मोठ्याने वाचतो, मी पडद्यावर पाहतो आणि ‘हो’ म्हणतो. मग तो एंटर दाबतो.